नववीच्या वर्गातली कविता



मागे एकीने विचारलं होतं, "तुम्ही शाळेत मराठी शिकवता, मुलांना कविता आवडते का हो आजकाल?" खरं सांगू? नववीच्या मुलांना कविता आवडत नाही, रसग्रहण पाठ असतं. कविता वाचायच्या आधीच मुलं गाईड उघडतात. कोणतीही कविता असो, उत्तर एकच, 'कवीने सोप्या शब्दांत मोठा आशय मांडला आहे'. मार्क मिळतात, पण कविता तशीच बाजूला राहते.

म्हणून मी पहिले दोन तास पुस्तक उघडूच देत नाही. आधी कान, मग अर्थ. लघु-गुरू फळ्यावर मांडले की वर्ग जांभया देतो, पण बाकावर ठेका धरला की जागा होतो. लघुला बोटाची टिचकी, गुरूला तळहाताची थाप. मनाचे श्लोक बहुतेकांनी ऐकलेले असतात. त्यांचं भुजंगप्रयात, ओळीला १२ अक्षरं, एक टिचकी दोन थापा असं चारदा. पाच मिनिटांत सगळ्यांना जमतं.

वसंततिलका मात्र अवघड. १४ अक्षरं, त भ ज ज ग ग. यंदा मी विचारलं, "भक्तामर कोणाला येतं?" आपल्या समाजाच्या तीन मुली लाजत उभ्या राहिल्या. आजीबरोबर मंदिरात म्हणून म्हणून त्यांना अख्खे ४८ श्लोक पाठ, पण ते सगळं स्तोत्र वसंततिलकेत आहे हे ठाऊक नव्हतं. त्या म्हणत गेल्या, वर्ग ठेका धरत गेला. घरी आजीला सांगितलं तर आजी म्हणाली म्हणे, "वृत्तबित्त मला माहीत नाही, पण एक अक्षर चुकलं की जीभ अडखळते." अहो, वृत्त म्हणजे दुसरं काय असतं!

लिहायला लावते तेव्हा माझ्या दोनच अटी असतात. सुंदर, प्रेमळ, निसर्ग, फुलपाखरू हे शब्द बंद, आणि घरात रोज दिसणारी एकच गोष्ट घ्यायची. मुलं कुरकुरतात, "बाई, घरात काय कविता असते?" मग मी बहिणाबाईंचं सांगते. लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतात आणि जात्यावर गाणी रचली. मुलाने, म्हणजे सोपानदेवांनी, ती उतरवून ठेवली. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. आपल्या आज्यांच्या कितीतरी ओव्या उतरवून घ्यायला कोणी नव्हतं, हे मात्र मनात येतंच.

दरवर्षी २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, आम्ही भित्तिपत्रक लावतो. त्यासाठी एका मुलीने चार ओळी दिल्या:

आई दिवसभर पापड लाटते.
सगळे गोल दुकानात जातात.
आमच्या ताटात
वाकडे येतात.

मी खूश. एकही शोभेचा शब्द नाही. पण दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. पदर नीट करत दारातच उभी. "बाई, आमच्या घरचं असं भिंतीवर लावू नका. लोक काय म्हणतील?"

मैत्रिणींनो, तुम्ही काय केलं असतं? मुलीचं म्हणणं, "बाई, तुम्हीच म्हणालात ना, दिसतं ते लिहा." तेही खरं. पण घर काही एकट्या मुलीचं नसतं. मी आईला म्हटलं, "ताई, तुमची परवानगी नसेल तर नाही लावणार." मुलगी रागाने खिडकीबाहेर बघत राहिली.

मग ती माउली थोडी टेकली, चहा घेतला, आणि हळूच म्हणाली, "आणि वाकडे कशाला लिहिलंय गं? माझा एक पापड वाकडा होत नाही. दुकानाचं पीठ संपलं की रात्री शेवटी आपल्या घरच्या उडदाचे लाटते. तेव्हा हात दमलेला असतो."

मुलीने मान वळवली. तिला हे माहीतच नव्हतं. ती समजत होती, दुकानाने नाकारलेले पापड घरी येतात. मी काही बोलले नाही. तिने वही ओढली, शेवटच्या दोन ओळी खोडल्या आणि लिहिलं:

आमचे ती शेवटी लाटते,
दमलेल्या हाताने.

आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "लावा. पण नाव नको."

भित्तिपत्रकावर त्या कवितेखाली फक्त 'नववी ब' एवढंच लिहिलं. त्या वर्गात पापड लाटणाऱ्या आया आणखी चार-पाच तरी आहेत. दोन मुली मधल्या सुट्टीत तिथे थांबून वाचत होत्या आणि एकीने दुसरीला विचारलं, "ही तू लिहिलीस का?"