गाडीतले पाचवे नाव

आम्ही चौघे जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेवरचे शिक्षक. सोलापूरहून अक्कलकोट तालुक्यातल्या शाळेपर्यंत रोज एकाच गाडीने जातो. गाडी मुळात आमच्या गणिताच्या सरांची. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, सरांचा इंतेकाल झाला. पुढे भाभींनी गाडी विकायला काढली, तेव्हा ती परक्याकडे जाऊ नये म्हणून आम्ही चौघांनी पैसे घालून ठेवून घेतली. आमच्या कुणाच्याच घरापुढे जागा नाही. त्यामुळे रात्री ती अजूनही सरांच्याच दारात उभी असते.

गाडीतला टेप सरांनी बाजारातून आणून बसवलेला. त्यावर फोनमधली गाणी वाजतात. आम्ही वार वाटून घेतले आहेत. एक दिवस नात, एक दिवस जुनी फिल्मी गाणी, एक दिवस मराठी भावगीते, एक दिवस कव्वाली. उरलेले दिवस बातम्या आणि गप्पा. जूनमध्ये शाळा उघडली आणि या घडीत बिघाड झाला. सकाळी गाडी सुरू केली की टेपवर ब्लूटूथची निळी खूण उमटायची, पण गाणे लागायचे नाही. गल्ली सोडून मोठ्या रस्त्याला लागलो की थोड्या वेळाने आपोआप लागायचे.

शिकवण्याचा धंदा असल्याने आम्ही एकेक कारण खोडत गेलो. टेप बंद करून पुन्हा चालू केला. फोनचे तेच केले. फोनचा आवाज वेगळा आणि टेपचा वेगळा असतो, दोन्ही वाढवून पाहिले. बॅटरी वाचवण्याची सोय बंद केली. आमच्यातल्या आपांच्या नव्या फोनची तर वेगळीच तऱ्हा. कॉल आला की बोलणे टेपवर ऐकू येई, गाणे मात्र फोनमध्येच वाजे. तेव्हा समजले की कॉल आणि गाणी यांच्या वाटा वेगळ्या असतात. फोनच्या सेटिंगमध्ये गाडीच्या नावाखाली दोघांची दोन बटणे असतात. आपांचे गाण्याचे बटण बंद होते. ते चालू केले, त्यांचा प्रश्न सुटला. सकाळचा सुटेना. दुकानदार म्हणाला, टेपच बदला. पण सरांनी हाताने निवडून आणलेली वस्तू बदलायला कुणाचे मन होईना.

एका सकाळी गाडीला चावी लावली आणि टेपमधून आवाज आला, "बच्चो, पहले नसबनुमा बराबर करो."

सरांचाच आवाज. आमच्यापैकी कुणी काही बोलले नाही. गाडी बंद करायचेही सुचले नाही. तेवढ्यात सरांचा मुलगा हातात फोन घेऊन धावत बाहेर आला. "चाचा, अब्बूंचा आवाज गेला!"

फोनच्या पडद्यावर सर फळ्यापुढे उभे होते. ओठ हलत होते, आवाज आमच्या गाडीत होता. २०२० च्या टाळेबंदीत सरांनी मुलांसाठी अपूर्णांकाचे धडे घरीच रेकॉर्ड करून पाठवले होते. त्यांचा फोन भाभींनी इतके दिवस कपाटात ठेवला होता. मुलगा आता सहावीत गेला म्हणून जूनमध्ये त्याला दिला. शाळेला जाण्याआधी ओसरीवर बसून तो रोज धडा पाहायचा, आणि रोज ठरल्या वेळी आवाज बंद पडायचा. फोन बिघडला असे समजून तो गप्प बसत होता.

सगळा उलगडा झाला. गाडी सुरू झाली की टेप आपल्या यादीतल्या फोनना हाका मारतो. यादीत पाच नावे, पहिले सरांचे. ब्लूटूथचा पल्ला साधारण १० मीटर, ओसरी चार पावलांवर. सरांचा फोन ओ देत होता. आमच्या फोनवर 'जोडलेले' असे दिसे. पण कधीतरी जोडून ठेवलेले आणि आत्ता जोडलेले, यातला फरक आम्हा बी.एड. झालेल्यांना कळला नव्हता.

उपाय सोपा होता. टेपच्या यादीतून ते नाव काढायचे आणि फोनमधून गाडीचे. दोन्हीकडून काढलेले बरे. एकाच बाजूने पुसले तर दुसरी बाजू जुनी ओळख धरून बसते आणि पुढे कधी नव्याने जोडताना अडते. उपाय माहीत असून चौघांपैकी एकाचाही हात पुढे होईना. शेवटी दारातून भाभी म्हणाल्या, "काढून टाका. गाडीत नाव ठेवून काय करायचे? पोराचा धडा रोज मध्येच तुटतो."

मुलगा म्हणाला, "आधी हा पुरा होऊ दे."

तो मागच्या सीटवर आमच्यामध्ये बसला. छेद समान केल्याशिवाय बेरीज होत नाही, हे सरांनी तीन उदाहरणे देऊन सांगितले. धडा संपला. मग फोनमधले नाव त्याने काढले, टेपमधले आम्ही. त्या दिवशी शाळेत उशीर झाला. मुख्याध्यापकांना कारण सांगितले. ते काही बोलले नाहीत.

आता यादीत चार नावे आहेत आणि गाणी चावी लावताच लागतात. ओसरीवरचा धडाही आता तुटत नाही. तरी गल्लीच्या तोंडापर्यंत आम्ही टेप चालू करत नाही.