बुटकी गाडी, लांबची वाट

वाचकहो, आपल्या केज तालुक्यातली माणसे प्रवास काही कमी करीत नाहीत. दसरा-दिवाळी झाली की वस्त्याच्या वस्त्या उठतात आणि पश्चिमेची वाट धरतात. पण तो प्रवास कोयत्याचा. नुसती बघायला म्हणून त्या वाटेने कोण जातो? गेल्या मार्गशीर्षात आम्ही तिघे गेलो, त्याची ही हकीकत.

माझा भाचा पुण्यात नोकरीला आहे. त्याने दुसऱ्याची वापरलेली, पण भारी वेगाची एक गाडी घेतली. दोनच दारे. पुढे दोघांना जागा, मागे नावाला बाक. उंची इतकी कमी की युसूफ वडगावच्या पारावरच्या मंडळींना आत कोण बसले आहे ते वाकून बघावे लागले. एका म्हाताऱ्याने विचारले, "बाबा, ही गाडी आहे का पाट?" पोरगा हसला, पण त्याच्या मनात वेगळेच होते. त्याच्या आईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, याच वाटेवर अकरा हंगाम ऊस तोडला. मालमोटारीत भांडीकुंडी, कोंबड्या आणि पोरे यांच्यावर बसून ती गेली. तिला एकदा गादीवर बसवून त्याच रस्त्याने न्यायचे आणि पुढे समुद्र दाखवायचा, असे त्याने ठरवले होते. आक्का पुढे बसली. मी मास्तर असूनही मागच्या बाकावर घडी होऊन बसलो.

तुम्हांला ही वाट धरायची तर अगदी सोपी आहे. केजहून कळंब, येरमाळा, बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, अकलूज, माळशिरस, म्हसवड, पुसेगाव, कोरेगाव आणि सातारा, असा तो एकच राष्ट्रीय महामार्ग आहे. क्रमांक ५४८ सी. साताऱ्यापर्यंत तीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर. आपण केज-कळंब रस्त्याला लागलो की फाटे शोधत बसावे लागत नाही.

कळंबला मांजरा ओलांडली. ही आपली नदी पाटोदा तालुक्यात बालाघाटात उगम पावते आणि गोदावरीला मिळून पूर्वेच्या समुद्राला जाते. आम्ही निघालो होतो पश्चिमेच्या समुद्राला. येरमाळ्याला येडेश्वरीपुढे नारळ फोडला आणि बालाघाट उतरून बार्शीच्या बाजूला आलो. इथपर्यंत दोन्हीकडे हिरवी पोटरभर ज्वारी होती. कोवळ्या उन्हात तिच्यावर दहिवर चमकत होते. बुटक्या गाडीतून पिकाकडे बघायची गंमत अशी की आपण शेताच्या बांधावर बसल्यासारखे वाटते. समोरून मालमोटार आली की तिच्या चाकाचा तुंबा मात्र आपल्या डोळ्यांसमोर येतो. तेव्हा छातीत धस्स होते.

बार्शीचे भगवंताचे देऊळ बघा आणि रेल्वेचा इतिहासही आठवा. १८९७ साली बार्शी ते कुर्डुवाडी अडीच फुटी रुळांची छोटी गाडी सुरू झाली. पुढे ती वाढत एका बाजूने लातूरला आणि दुसऱ्या बाजूने मिरजेला पोचली. आता तेथे मोठे रूळ आहेत. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून पाण्याची गाडी आली, ती याच मार्गाने. आक्का म्हणाली, "माणसं तिकडं न्यायची आन् पाणी तिकडून आणायचं!"

आता गाडीविषयी दोन शब्द, कारण घरोघरी पोरांना असल्या गाड्यांचे वेड आहे. तिचे पोट जमिनीपासून जेमतेम पाच इंच. रस्त्यावरच्या उंचवट्याचा नियम असा की तो दहा सेंटिमीटर उंच आणि जवळपास पावणेचार मीटर रुंद असावा, म्हणजे चाक हळूहळू चढते आणि उतरते. आपल्याकडे गावकरी एका रात्रीत टाकतात तो हातभर रुंद आणि वीतभर उंच! आमच्या गाडीचे पोट तीन ठिकाणी खरडले. मग भाच्याने युक्ती केली. उंचवट्यावर गाडी तिरपी घालायची, एक-एक चाक चढवायचे. टायरही पातळ, खड्ड्यात दणका बसला की चाकाची कड वाकते. राखीव चाक नाही, नुसता पंक्चरचा डबा. सामानाला जागा दोन पिशव्यांची. त्यातली एक आक्काने धपाटी, शेंगदाण्याची चटणी आणि लसणाने भरली होती. दोनशेच्या वर पळणारी गाडी, पण असल्या रस्त्यावर कायद्याने मोटारीला सत्तरच्या वर जायचे नाही. म्हणजे पैसे दोनशेचे आणि उपयोग सत्तरचा. एक गुण मात्र कबूल केला पाहिजे. वजन खाली असल्याने वळणावर ती कलत नाही. कडब्याने उंच भरलेली बैलगाडी आणि खाली दगड भरलेली बैलगाडी यांतला फरक तुम्हांला सांगायला नको.

टेंभुर्णीला पुणे-सोलापूर महामार्ग ओलांडला, मग भीमा, आणि उसाचा मुलूख सुरू झाला. आक्का गप्प होती ती बोलू लागली. इथे आमच्या कोप्या होत्या. इथला हातपंप खारा होता. त्या वळणावर पहाटे तीनला गाडी भरताना मोळी अंगावर पडली. या बाभळीखाली तुला झोपवत होते, असे तिने भाच्याला सांगितले तेव्हा त्याने गाडी कडेला घेतली. बाभूळ अजून होती. पलीकडच्या फडात एक टोळी तोडीत होती. आक्का सरळ बांधावरून आत गेली. माणसे धारूर तालुक्यातली निघाली. "उचल किती? किती कोयते?" अशी विचारपूस झाली. नवरा-बायको मिळून एक कोयता हा हिशेब अजून तोच आहे. तिने पदर खोचून दहा-पंधरा ऊस सपासप तोडले, मोळी बांधली आणि हात झटकून परत आली. धपाट्यांची निम्मी चळत तिकडेच राहिली. गाडीत बसताना भाच्याने तिला सांगितले की आता पेट्रोलमध्ये शंभरात वीस भाग इथेनॉल असते आणि त्यातले काही उसाचे असते. ती म्हणाली, "मग ही गाडी माझ्याच जिवावर चालती की."

माळशिरसच्या पुढे पाणी संपते आणि माणदेश लागतो. उघडे माळ, मेंढरे, लांबवर पवनचक्क्या. हा भाग आम्हांला आपल्यासारखाच वाटला. म्हसवडला सिद्धनाथाचे देऊळ आहे, आणि १९९७ साली निघालेली माण देशी महिला सहकारी बँकही. तिचा पहिला परवान्याचा अर्ज सभासद बायांना सही येत नाही म्हणून फेटाळला गेला होता. बाया पाच-सहा महिने लिहायला शिकल्या आणि परवाना घेऊनच थांबल्या. मोळ्यांचा हिशेब बोटांवर ठेवणाऱ्या आक्काला ही गोष्ट फार आवडली. पुसेगावला सेवागिरी महाराजांना नमस्कार केला, वर्धनगडाच्या पायथ्याचा घाट ओलांडला आणि दिवे लागायला साताऱ्यात पोचलो.

साताऱ्याजवळच्या कासच्या फुलांसाठी भाद्रपद-आश्विनात यावे, मार्गशीर्षात तेथे वाळके गवत असते. म्हणून आम्ही सकाळी मेढ्याच्या रस्त्याने महाबळेश्वर गाठले. उंची साडेचार हजार फुटांच्या आसपास, थंडी झोंबत होती. उतारावर काळ्या प्लास्टिकच्या आच्छादनावर स्ट्रॉबेरीचे वाफे होते, खाली ठिबक. रोप भाद्रपद-आश्विनात लावतात आणि फळ आता सुरू होते. २०१० साली या फळाला भौगोलिक मानांकन मिळाले. आक्काने वाकून तोडणाऱ्या बायांकडे बघितले आणि म्हणाली, "इथंबी कंबरच मोडती."

जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पाणी पडते. कृष्णा, कोयना, वेण्णा आणि गायत्री पूर्वेकडे जातात, एकटी सावित्री पश्चिमेला. आम्ही तिच्याच सोबतीने आंबेनळी घाट उतरलो. डावीकडे प्रतापगड, खाली दाट जंगल, आणि वळणामागे वळण. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस याच घाटात दरीत गेली आणि एकच जण वाचला. म्हणून सांगतो, उतारावर गाडी खालच्या गियरमध्ये ठेवा, नुसत्या ब्रेकवर उतरू नका. ब्रेक तापले की धरत नाहीत. चढणाऱ्याला आधी वाट द्या. भाच्याला वळणे घ्यायची मोठी हौस, पण आक्काने डॅशबोर्डवर हात ठेवला की तो वेग कमी करी. पोलादपूर, महाड करीत हरिहरेश्वरला पोचलो. तेथे सावित्री समुद्राला मिळते. आक्का गुडघाभर पाण्यात उभी राहिली, चूळ भरून थुंकली आणि म्हणाली, "त्या हातपंपापरीस खारं!"

परतताना अकलूजजवळ रात्र झाली. आणि वाचकहो, मला खरे सांगायचे आहे ते इथले. साठाच्या वेगाने चाललो होतो. अचानक समोर काळोखच घट्ट झाल्यासारखा दिसला. उसाच्या दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, ऊस हातभर बाहेर आलेला. भाच्याने ब्रेक दाबला आणि आम्ही चार हातांवर थांबलो. गाडी इतकी बुटकी की बाहेर आलेल्या उसाची टोके आमच्या काचेसमोर, आक्काच्या तोंडाच्या उंचीला होती.

मी नंतर हिशेब केला. दिव्याच्या खालच्या झोतात चाळीस-पन्नास मीटरपलीकडचे धड दिसत नाही. साठाच्या वेगात दिसल्यापासून पाय दाबेपर्यंत सतरा मीटर जातात, थांबायला आणखी वीस. नव्वदाला तेच पंचवीस आणि पंचेचाळीस, एकूण सत्तर. नव्वदाला असतो तर हे लिहायला मी नव्हतो. आणि ट्रॉलीवाले कोण? आपलीच पोरे. ट्रॅक्टर हाकणारा मुलगा वडवणीकडचा, वीस-बावीस वर्षांचा. दिव्याची तार उसात तुटते म्हणाला. मुकादमाला सांगितले होते म्हणाला.

टेंभुर्णीला एक दुकान उघडे होते. आक्काने पोराला उतरवून चकाकणाऱ्या पट्टीची गुंडाळी घ्यायला लावली. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी, असा तिचा नियम आहे. तिला वायर लागत नाही, मागून येणाऱ्याच्या दिव्यानेच ती पेटते. फक्त चिखल लागला की पुसावी लागते, आणि ऊस तिच्यावर लोंबू द्यायचा नाही.

गावी आल्यावर दुसऱ्या दिवशी पारावर पुन्हा गाडीभोवती गर्दी. पोरे दोनशेचा काटा बघत होती. आक्का तिकडे फिरकली नाही. चुलत्यांच्या वाड्यासमोर दोन ट्रॉल्या कारखान्याला जायला उभ्या होत्या. ती ओल्या फडक्याने त्यांचे मागचे फळकूट पुसत बसली, आणि भाचा कात्री घेऊन लाल पट्टी कापत होता.