तोतया साहेब

नात पुण्यात प्रोग्रामर आहे, औषधं घरपोच पाठवणाऱ्या एका कंपनीत. परवा आली ती उतरलेल्या चेहऱ्यानं. "आजोबा, सगळ्या टेस्ट पास होत्या हो, तरी घोळ झालाच."

मला त्यातलं काय कळणार? पण मास्तरकी अंगात मुरलेली. म्हटलं, "पहिल्यापासून सांग बघू."

तिचा प्रोग्राम कुरियरवाल्यांच्या वेब सर्व्हिसला विचारतो, पार्सल कधी पोचेल? आपला कोड तपासताना दर वेळी खऱ्या सर्व्हिसला विचारणं परवडत नाही. वेळ जातो, कधी नेट बंद असतं, आणि 'आज जरा बिघडून दाखव' असं तिला सांगताही येत नाही. म्हणून तिच्या जागी तोतया बसवतात. त्याला 'मॉक' म्हणतात. तो पढवलेलं उत्तर क्षणात देतो. सांगितलं तर रुसून गप्पही बसतो.

"मग चुकलं कुठं?"

"खऱ्या सर्व्हिसनं तारीख लिहायची पद्धत बदलली. आधी दिवस पहिला यायचा, आता वर्ष पहिलं. आमचा तोतया जुनंच बोलत राहिला. टेस्ट पास, आणि ऑर्डरी रात्रभर अडकल्या. एका आजींचं इन्सुलिन दिवसभर उशिरा पोचलं."

मला आमची शाळा तपासणी आठवली. आधी आठवडाभर मीच साहेब होऊन खुर्चीत बसायचो. कृष्णेच्या उपनद्या कोणत्या? वेण्णा, कोयना, पंचगंगा... पोरं धडाधड सांगत. एका वर्षी खऱ्या साहेबांनी खिडकीबाहेर बघत विचारलं, "हा समोरचा ओढा कुठल्या नदीला मिळतो?" वर्ग चिडीचूप. सगळी पोरं माझ्याकडे बघत राहिली. प्रश्नही माझे, उत्तरंही माझीच; पोरांना काय येतं ते मला कळणार कसं?

पुढच्या वर्षापासून तपासणीआधी एक दिवस शेजारच्या गावच्या गुरुजींना बोलावू लागलो. प्रश्न त्यांचे त्यांनी काढायचे.

नातीनंही तेच केलंय. दिवसभर तोतयाच, त्याच्याशिवाय काम उरकत नाही. पण रोज रात्री एक टेस्ट कुरियरवाल्यांनी चाचणीसाठी ठेवलेल्या सर्व्हिसकडे जाते आणि उत्तराचा साचा ताडून बघते. फरक दिसला की सकाळी लाल खूण.

असो. निघताना तिनं विचारलं, "आजोबा, तो ओढा मिळतो कुठं?"

"वेण्णेला. पण खरं सांगू? त्या दिवशी मलाही माहीत नव्हतं."