पात्याशी काटकोन

सरड्याच्या जठरावर काम करायचं तर पहिली शर्यत जठराशीच असते. प्राणी मेला तरी पाचक रस थांबत नाहीत. ते स्वतःच्याच अस्तराला विरघळवू लागतात. म्हणून तुकडा काढताक्षणी 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये गेला पाहिजे. आतडं असेल तर नुसतं बुडवून भागत नाही, पोकळीतूनही फॉर्मॅलिन सोडावं लागतं. उशीर झाला की अस्तराच्या पेशी सुटून पोकळीत तरंगतात. पुढे कितीही सुरेख रंग चढवला तरी त्या जागेवर येत नाहीत.

नंतरचं सगळं सावकाशीचं: अल्कोहोल, झायलिन, वितळलेलं पॅराफिन. यात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो मेण थिजण्याआधीचा क्षण. तुकडा साच्यात असा बसवायचा की नळी मायक्रोटोमच्या पात्याशी काटकोनात येईल. तो जरासा कलला तर 5 मायक्रॉनचा काप तिरका निघतो आणि पेशींचा एकेरी थर दोन-तीन पदरी भासतो. अन्ननलिकेत ही फसगत हमखास होते. माणसाच्या अन्ननलिकेत चपट्या पेशींचे अनेक थर असतात. पुस्तकातल्या त्या चित्रांवर वाढलेली नजर इथेही तेच शोधते आणि तिरका काप तिला हवं ते दाखवतो. काप सरळ आला की अनेक जातींच्या सरड्यांत उंच, रोमक असलेल्या पेशी दिसतात आणि मधूनमधून श्लेष्माने भरलेल्या चषक पेशी.

जठरात तर पुस्तक मिटूनच बसावं. आपल्याकडे आम्ल बनवणारी पेशी वेगळी, पेप्सिनोजेन बनवणारी वेगळी. सरड्याच्या जठरग्रंथीत दोन्ही कामं एकच पेशी करते. मासे, बेडूक, पक्षी यांच्यातही तसंच. ही वाटणी केली ती सस्तन प्राण्यांनी. विद्यार्थी विचारतात, “दुसरी पेशी कुठे?” सरड्यात काहीतरी उणं आहे असं या प्रश्नात गृहीत धरलेलं असतं, ते मला मनापासून खटकतं. एवढी कामसू पेशी समोर असताना उणं कशाला शोधायचं?

आतड्याच्या बाजूला या पेशी हटतात आणि श्लेष्म स्रवणाऱ्या ग्रंथी उरतात. पीएएस रंगात तो श्लेष्म किरमिजी उठतो. ही हद्द आडव्या कापात सापडत नाही. त्यासाठी जठर आणि आतडं यांचा सांधा मी लांबीत कापते, मायक्रोटोमवरून उतरणारी रिबन एकही काप न गाळता स्लाइडवर घेते आणि लागोपाठचे काप ताडून मगच वहीत रेघ ओढते.