पा-ता-का-रा : ओकायामातील एक वर्ष

ओकायामा स्थानकासमोरून सुटणाऱ्या ट्राममध्ये मी प्रथम बसले तेव्हा माझे वय ५६ वर्षांचे होते आणि पाठीवर शाळकरी मुलासारखे दप्तर होते. एप्रिल २०१८ चा तो पहिला आठवडा. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन, पुण्यात दोन वर्षे संध्याकाळच्या वर्गात गिरवलेली जपानी भाषा तिच्या स्वतःच्या गावी जाऊन शिकावी, अशी इच्छा मनात धरून मी आले होते. आई तेव्हा ८१ वर्षांची होती आणि धाकट्या भावाकडे राहत असे. “आईची चिंता नको, तिथे सगळे आहेत,” असे जो तो म्हणाला. भावजय मात्र काही म्हणाली नाही. ही गोष्ट मला पुष्कळ पुढे आठवली.

वर्गात आम्ही अठरा जण होतो. व्हिएतनाम, नेपाळ, चीन आणि म्यानमार येथून आलेली विशी-बाविशीतील मुले. विद्यार्थी व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येते. त्यामुळे बरीच मुले रात्री डब्यांच्या कारखान्यात भात भरून दुपारी वर्गात पेंगत असत. माझ्या शेजारी बसणारी नेपाळी मुलगी पहिले चार दिवस मला ‘दिदी’ म्हणाली आणि पाचव्या दिवसापासून ‘आमा’. तिला वृद्धांच्या परिचर्येचे काम मिळवायचे होते. जपानी भाषेत या कामाला ‘काइगो’ म्हणतात.

लिपी शिकताना मात्र माझे वय माझ्या कामी आले. जपानी हिरागाना लिपीत आज ४६ मूळ अक्षरे चालतात. त्यांचा क्रम आ, इ, उ, ए, ओ असा सुरू होतो आणि पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशा ओळी येतात. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीतून संस्कृत वर्णविचार अभ्यासला, त्या अभ्यासाचा हा वारसा. आपल्या ‘च’च्या जागी तिथे ‘स’ बसलेला दिसतो आणि ‘प’च्या जागी ‘ह’. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की प्राचीन जपानीत त्या ‘ह’चा उच्चार ‘प’ असाच होता. कंठापासून ओठांकडे जाणारी आपली वर्णमाला समुद्र ओलांडून तिथे पोहोचलेली पाहून मला फार आनंद झाला. वाक्यरचनाही परकी वाटत नाही. कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद आणि शब्दाच्या मागे विभक्तीसारखे प्रत्यय. अवघड गेली ती कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरे. नित्य वापरातली म्हणून शासनाने ठरवलेली कांजीच २१३६ आहेत. साठीकडे झुकलेल्या स्मरणशक्तीवर ती बसवताना रोज वीस शिकावीत आणि पंधरा विसरावीत, असा माझा हिशेब होता.

माझा वर्ग दुपारी असल्याने सकाळ मोकळी मिळे. ट्रामने ‘शिरोशिता’ या थांब्यावर उतरायचे (या नावाचा अर्थच ‘किल्ल्याखाली’), आसाही नदीकडे चालत जायचे आणि पूल ओलांडून कोराकुएन उद्यानात शिरायचे, हा माझा परिपाठ झाला. इकेदा घराण्यातील सरदाराने १६८७ मध्ये हे उद्यान घडवायला घेतले आणि १७०० मध्ये ते पूर्ण झाले. जपानच्या तीन श्रेष्ठ उद्यानांत त्याची गणना होते. अन्य जपानी बागांत क्वचित दिसणारी विस्तीर्ण हिरवळ येथे आहे, भातखाचर आहे, चहाचा मळा आहे, पिंजऱ्यात डौलदार क्रौंच आहेत आणि नदीपलीकडे काळ्या भिंतींचा किल्ला दिसतो.

पुणेकर वाचकांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, याच कोराकुएनच्या धर्तीवर उभारून २००६ मध्ये खुले झाले. माझी आई तिथे रोज फिरायला जाई. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. तिच्या सकाळच्या साडेसहाला माझे दहा वाजत. ती त्या बागेतल्या बाकावर, मी या बागेतल्या. “आज पाण्यात मासे वर आलेत,” ती सांगे. “इथेही,” मी सांगे. मूळ आणि प्रतिकृती यांचा असा संवाद रोज दहा मिनिटे चाले.

माझ्या भाड्याच्या खोलीशेजारी ८० वर्षांच्या एक बाई एकट्या राहत. २९ जून १९४५ च्या पहाटे ओकायामावर बाँबवर्षाव झाला तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. नदीच्या पाण्यात उभे राहून त्यांच्या आईने त्यांना वाचवले होते. किल्लाही त्या दिवशी जळाला. आज दिसतो तो १९६६ मध्ये पुन्हा बांधलेला. काही वर्षांपूर्वी पक्षाघात होऊन बाईंची डावी बाजू दुबळी झाली होती. तरीही सकाळी साडेसहाला रेडिओवर व्यायामाचे संगीत सुरू झाले की त्या कोपऱ्यावरच्या छोट्या मैदानात हजर असत. १९२८ पासून सुरू असलेला हा ‘रेडिओ ताइसो’. उभे राहणे न जमणाऱ्यांसाठी त्यात बसून करण्याच्या हालचालीही सांगतात. बाई घडीची खुर्ची कुणाकडून तरी आणवून घेत आणि एका हाताने दुसरा हात उचलीत. त्यांच्या शेजारी उभी राहून मीही हातपाय हलवू लागले.

त्यांच्याकडून मी दुखण्याची भाषा शिकले. पाठ्यपुस्तकात ‘इताइ’, म्हणजे ‘दुखते’, एवढेच होते. बाई म्हणाल्या, एवढ्यावर डॉक्टरला काय कळणार? ठोक्यागणिक ठसठसते ते झुकीझुकी. भाजल्यासारखे चुरचुरते ते हिरीहिरी. सुई टोचल्यासारखे ते चिकुचिकु. पोटात बारीक, रेंगाळत राहणारे ते शिकुशिकु. डोक्यात घण पडतात ते गानगान. मी चकित झाले, कारण हे तर आपलेच! ठसठस, चुरचुर, ठणठण, भणभण हे शब्द मराठीने जपले आहेत आणि आपण दवाखान्यात गेल्यावर ‘पेन होतंय’ म्हणून मोकळे होतो. घरातील ज्येष्ठांना दुखण्याचा प्रकार त्यांच्याच शब्दांत सांगू द्यावा आणि तो शब्द जसाच्या तसा डॉक्टरांपर्यंत न्यावा. ठसठस आणि चुरचुर यांचा उगम बहुधा वेगळा असतो.

आठवड्यातून दोनदा सकाळी बाईंच्या दाराशी एक छोटी गाडी येई आणि त्यांना दिवसभराच्या परिचर्या केंद्रात नेई. तिथे स्नान, जेवण, व्यायाम, गप्पा आणि दुपारी घरी परत. जपानमध्ये एप्रिल २००० पासून परिचर्या विमा लागू आहे. चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरायचा. गरज उत्पन्न झाली की तपासणी होते आणि आधाराच्या दोन व परिचर्येच्या पाच पायऱ्यांपैकी एक ठरते. बहुतेकांना खर्चाचा दहावा हिस्सा स्वतः भरावा लागतो. या व्यवस्थेतही उणिवा आहेत, काम करणाऱ्या हातांची टंचाई ही मोठी, आणि म्हणूनच माझ्या वर्गातल्या मुलीसारख्यांना तिथे मागणी आहे.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात अतिवृष्टी झाली आणि शेजारच्या कुराशिकीतील माबी हा भाग पाण्याखाली गेला. मृतांमध्ये बहुसंख्य वृद्ध होते आणि त्यांतील पुष्कळ जण घराच्या तळमजल्यावरच सापडले. वरच्या मजल्यावर जाण्याइतके बळ पायांत नव्हते. त्या आठवड्यात वर्गात कुणी फारसे बोलले नाही. मी आईला रोज दोनदा फोन करू लागले. त्याने काय साधणार होते, कोण जाणे.

ऑक्टोबरमध्ये आई रात्री न्हाणीघरात पडली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली त्या दिवशी मी विमानात होते. दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपिस्टने तिला वॉकर धरून उभे केले. मी बारा दिवस राहिले. भाषाशाळेत उपस्थितीचे बंधन कडक असते. ती फार घसरली तर व्हिसाच धोक्यात येतो. परतावे की शिक्षण सोडावे, हे मला ठरवता येईना. आई म्हणाली, “परीक्षा देऊन ये. मी काही पळून जात नाही, पळता येतच नाही.” मी परतले. योग्य केले की नाही, याचा निवाडा मी आजही केलेला नाही.

परतल्यावर मी जे केले ते मात्र खात्रीने चुकीचे होते. मी फोनवरून सूचना देऊ लागले. उशी अशी ठेवा, पाणी इतके द्या, व्यायाम चुकवू नका. भावजयीने तीन आठवडे ऐकून घेतले. मग एके रात्री ती शांतपणे म्हणाली, “ताई, तुम्ही सांगता ते सगळं बरोबर असतं. पण ते सांगायला दोन मिनिटं लागतात आणि करायला पाऊण तास. माझी कंबर गेलीय, हे कुणी विचारलंच नाही.”

मला बोलता येईना.

शेजारच्या बाईंच्या ओळखीने मी त्या परिचर्या केंद्रात दर शनिवारी मदतनीस म्हणून बसण्याची परवानगी मिळवली. वृद्धांना आपल्या हातांनी उचलणे बसावे लागते तेव्हा कंबरेचे काय होते, हे मला तिथे कळले आणि ती वाचवण्याच्या युक्त्याही कळल्या. पहिली युक्ती म्हणजे आधी बोलायचे, मग स्पर्श करायचा. “आता उठू या” असे समोर बसून, डोळ्यांच्या पातळीवरून सांगितले की माणूस स्वतःही थोडा जोर लावतो. न सांगता उचलले तर शरीर घाबरून आखडते आणि दुप्पट जड होते. खुर्चीतून उठवताना पाय गुडघ्यांच्या किंचित मागे ओढून घ्यायचे आणि धड पुढे झुकवायचे. नाक पायाच्या बोटांच्या वर आले की नितंब आपोआप हलके होतात. काखेत हात घालून वर खेचायचे नाही. कपडे घालताना दुखरी बाजू आधी, काढताना सुदृढ बाजू आधी. जपानी परिचारक याचे चार कांजींचे सूत्रच पाठ करतात. काठी सुदृढ बाजूच्या हातात धरायची. पायरी चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा आधी. आईच्या बाबतीत यातले काय लागू पडते, हे पुण्यातल्या फिजिओथेरपिस्टला विचारूनच भावजयीला सांगितले.

जेवणाआधी केंद्रातील सगळे वृद्ध एका सुरात ‘पा-ता-का-रा’ म्हणत. ‘पा’ला ओठ मिटतात, ‘ता’ला जिभेचे टोक वर टेकते, ‘का’ला जिभेचा मागचा भाग घशाशी उचलला जातो, ‘रा’ला जीभ वळते. घास चावण्यासाठी आणि गिळण्यासाठी लागणाऱ्या या सगळ्या हालचाली. मला हसू आले. ओष्ठ्य, दंत्य, कंठ्य, मूर्धन्य! लहानपणी आईनेच माझ्याकडून हे वर्ग घोकून घेतले होते. (पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल, आवाज घोगरा होत असेल, तर मात्र डॉक्टरांनाच दाखवावे. हा व्यायाम उपचाराला पर्याय नव्हे.)

डिसेंबरच्या २ तारखेला मी भाषेची एन-३ परीक्षा दिली आणि हिवाळी सुटीत पुन्हा पुण्याला गेले. या खेपेस भावजयीला दहा दिवस कोल्हापूरला माहेरी पाठवले. तिने दारात तीनदा मागे वळून पाहिले. पहिल्याच रात्री आईला चार वेळा उठवावे लागले आणि तिसऱ्या दिवशी माझीही कंबर धरली. सगळी सूत्रे पाठ असूनही. भाऊ आणि मी बसून हिशेब मांडला आणि रोज सकाळी चार तासांसाठी प्रशिक्षित बाई ठेवल्या. त्यांचा पगार मी देऊ लागले. जपानी पद्धतीचे सगळेच काही आपल्या घरात रुजले नाही. स्नानाची खुर्ची आईने महिनाभर धुणे वाळत घालण्यासाठी वापरली. न्हाणीघरातल्या भिंतीचा दांडा मात्र तिला पसंत पडला. आता मी फोन केला की आधी भावजयीशी बोलत असे, मग आईशी.

जानेवारीत निकाल लागला. ऐकण्याच्या विभागात किमान १९ गुण लागतात, मला १८ मिळाले. एकूण गुण पुरेसे असूनही मी नापास. भावजयीला सांगितले तेव्हा ती खूप हसली. कशात नापास झाले, हे तिने मला दोनदा विचारून घेतले.

मार्च २०१९ अखेर मी परतले. निघताना शेजारच्या बाई खुर्ची बाहेर घेऊन बसल्या होत्या. नेपाळी मुलीला एका वृद्धाश्रमात काम मिळाले होते.

एप्रिलमध्ये एके सकाळी आई, भावजय आणि मी सिंहगड रस्त्यावरच्या उद्यानात गेलो. आई वॉकर टेकत पाण्याच्या कडेपर्यंतच चालली. चालताना पुटपुटत होती, “पा, ता, का...” कवळीमुळे ‘रा’ला अडखळत होती. बाकाशी पोहोचल्यावर तिने विचारले, “तुझ्या त्या खऱ्या बागेत पुलांना कठडे आहेत का गं?”

“सगळ्यांना नाहीत. एका ठिकाणी तर नुसत्या फळ्या टाकल्यात.”

“मग आपलीच बरी,” असे म्हणून तिने पाय मागे ओढले, भावजयीच्या हाताकडे पाहिले, धड पुढे झुकवले आणि सावकाश बाकावर बसली.