मंगळवारचा माणूस

सणासुदीला तो कुणाच्या घरी दिसत नाही. थँक्सगिव्हिंगला टर्कीचा मान, ख्रिसमसला हॅमचा, चार जुलैला अंगणातल्या ग्रिलवरच्या बर्गरचा. पाहुणे यायचे असले तर घरची बाई त्याचा विचारही करत नाही. त्याची पाळी येते मंगळवारी, नाहीतर बुधवारी. आईबाप कामावरून थकून आलेत, एका मुलाला साडेसहाला सॉकरच्या सरावाला सोडायचंय, दुसऱ्याचा गृहपाठ जेवणाच्या टेबलावर पसरलाय, नोव्हेंबर असल्यामुळे बाहेर केव्हाच अंधारलंय आणि सगळ्यांना एकदमच भूक लागलीय. अशा वेळी अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या स्वयंपाकघरात जो हाकेला ओ देतो, तो हा. बीफचा खिमा, पास्ता आणि क्रीम, सगळं एकाच पॅनमध्ये घेऊन आलेला.

माझी त्याची ओळख ओहायोत झाली, कोलंबस शहराजवळच्या एका उपनगरात. शेजारची बाई रुग्णालयात परिचारिका होती. तिच्या घरी संध्याकाळी गेलं की कांदा परतल्याचा वास यायचा आणि त्यामागून खिम्याचा. ती त्याला कुठल्याच नावानं हाक मारायची नाही. मुलांनी ‘आज काय आहे?’ विचारलं की ती नुसतं पॅनकडे बोट दाखवायची, आणि मुलांना ते पुरायचं.

दिसायला तो काही देखणा नाही. रंग टोमॅटो आणि दूध यांच्या मधला कुठला तरी, विटकरीकडे झुकणारा. अंगावर खिम्याचे बारीक तपकिरी दाणे, शंखाच्या आकाराचे पास्त्याचे शेल्स, त्यांच्या पोटात अडकलेला रस. वर किसलेलं चीज वितळून त्याच्या तारा सुटलेल्या. जवळून पाहिलं तर मात्र त्याची हुशारी कळते. शेलचा खोलगट भाग खिम्याचा दाणा बरोबर धरून ठेवतो, म्हणून प्रत्येक घासात दोन्ही येतात. गुळगुळीत लांब स्पॅगेटी घेतली तर खिमा ताटलीच्या तळाशी उरतो आणि लहान मुलं तो तसाच सोडून उठतात. घरातल्या धाकट्यापर्यंत मांस पोचावं ही काळजी त्याच्या आकारातच आहे.

घराणं त्याचं मोठं आहे, पण त्याला त्याचा दिमाख नाही. खिम्यात दुधाची साय मिसळायची रीत अमेरिकेनं शोधलेली नाही. पेलेग्रिनो आर्तुझी यांनी 1891 साली इटालियन घरगुती पाककृतींचा जो ग्रंथ काढला, त्यात बोलोन्याच्या पद्धतीच्या मॅकरोनीसाठी मांसाचा रस्सा सांगून झाल्यावर ते सुचवतात की शेवटी अर्धा पेला क्रीम घातलं तर आणखी बहार येईल. बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये 17 ऑक्टोबर 1982 रोजी तिथल्या ‘रागू’ची कृती रीतसर नोंदवली गेली, तिच्यातही दूध आहे. दुसरं आजोळ रशियात. एलेना मोलोखोवेत्स यांच्या गृहिणींसाठीच्या प्रसिद्ध पुस्तकाच्या 1871च्या आवृत्तीत बीफ स्ट्रोगानोव्ह आहे, मोहरी आणि आंबट साय घातलेलं. त्याच्या अंगातला सौम्य आंबटपणा मला तिकडून आल्यासारखा वाटतो.

त्याच्यातला गहूही रशियातून आला, आणि ही गोष्ट मला फार आवडते. पास्त्याला लागतो तो कडक दाण्याचा ड्युरम गहू. मार्क कार्लटन नावाचा अमेरिकी कृषी खात्याचा शास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी रशियाच्या कोरड्या गवताळ प्रदेशांत हिंडला आणि ‘कुबांका’ जातीचा ड्युरम घेऊन परतला. नॉर्थ डकोटाच्या कोरड्या, थंड मैदानांत तो रुजला. आज अमेरिकेतल्या ड्युरमचा सर्वांत मोठा वाटा तिथूनच येतो. सुपरमार्केटमधल्या सव्वा-दीड डॉलरच्या खोक्यात एवढा प्रवास भरलेला असतो.

सख्खी भावंडं मात्र अमेरिकेतलीच. न्यू इंग्लंडमध्ये एल्बो मॅकरोनी, खिमा आणि टोमॅटो यांच्या जेवणाला अमेरिकन चॉप सुई म्हणतात. मिडवेस्टमध्ये त्याच्याच जवळच्या पदार्थाला गुलाश म्हणतात, आणि हंगेरीच्या गुलाशशी त्याचा फारसा संबंध नाही. खुद्द कोलंबसमध्ये जॉनी मार्झेटी आहे, त्या शहरातल्या मार्झेटी नावाच्या रेस्टॉरंटशी जोडला जाणारा, चीज घालून ओव्हनमध्ये भाजलेला. शाळांच्या उपाहारगृहांत तो पिढ्यान्‌पिढ्या वाढला गेला. ही सगळी मंडळी एकाच हिशोबातून जन्मली: मांस थोडं, पोटं जास्त. एक पौंड खिमा, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. नुसते बर्गर केले तर चार होतात. तोच खिमा पाऊण पौंड पास्त्याबरोबर शिजवला की सहा माणसं पोटभर जेवतात आणि डब्याला उरतो.

या हिशोबाला राष्ट्रीय रूप आलं 1971 साली. मिनियापोलिसच्या जनरल मिल्स कंपनीनं हॅम्बर्गर हेल्पर बाजारात आणलं. खोक्यात कोरडा पास्ता आणि मसाल्याची पुडी. घरून घालायचा फक्त एक पौंड खिमा आणि पाणी. दोन वर्षांत मांसाचे भाव इतके चढले की 1973च्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात देशभरातल्या गृहिणींनी मांसखरेदीवर बहिष्कार घातला. अशा काळात एका पौंडात कुटुंब जेवू घालणारं खोकं घराघरांत शिरलं यात नवल नाही. त्या खोक्याला नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. ज्या घरात दोघंही पगारावर जातात आणि महिन्याचा शेवटचा आठवडा ओढग्रस्तीचा असतो, तिथे वीस-पंचवीस मिनिटांत गरम जेवण टेबलावर ठेवणाऱ्याकडे मी आदरानंच पाहते. आपला हा मंगळवारचा माणूस त्या खोक्याच्याच गावचा, फक्त पुडी सोडून कांदा-लसणाकडे परत आलेला.

आता त्याचा स्वभाव. सुरुवातीला तो हट्टी आहे. पॅन चांगला तापलेला लागतो, आणि खिमा टाकला की त्याला हात लावायचा नाही. नवखं माणूस तिथेच चमचा फिरवत बसतं. मांसात पाणी भरपूर असतं. पॅन थंड असेल किंवा खिमा दाटीनं भरला असेल तर ते पाणी बाहेर येतं, साचतं आणि खिमा स्वतःच्याच पाण्यात करडा होऊन उकडतो. पाणी आहे तोवर उष्णता शंभर अंशांपुढे जात नाही, आणि खरपूसपणा यायला तिनं त्याच्या बरीच वर जावं लागतं. म्हणून पाणी आटेपर्यंत थांबायचं. चुरचुर आवाज बदलून तडतड ऐकू यायला लागली, खालची बाजू तपकिरी झाली की मगच उलटायचं. शेजारीण ही पाच मिनिटं कधीही वाचवायची नाही. बारा तासांची पाळी करून आलेली असली तरी नाही. कोट काढायची, हात धुवायची, खिमा टाकायची आणि तेवढ्या वेळात मुलाचं गणित तपासायची.

खिमा आतून पुरता शिजलेला हवा, याबाबत मात्र तिचा आग्रह रुग्णालयातला होता. मांसाच्या अखंड तुकड्यावरचे जंतू बाहेरच्या अंगाला असतात. दळताना ते आतपर्यंत मिसळतात. अमेरिकी कृषी खातं बीफच्या खिम्यासाठी 71 अंश सेल्सिअस सांगतं ते यासाठीच.

मग कांदा, लसूण, चमचाभर टोमॅटो पेस्ट, पाप्रिका. पेस्ट परतून गडद होऊ द्यायची. आता पॅनच्या बुडाला खरवड धरलेली असते आणि त्याचा सगळा जीव तिच्यात असतो. ब्रॉथ ओतून लाकडी चमच्यानं ती सोडवायची, की पॅनमधलं पाणी एका क्षणात रस्सा होतं. त्याच रश्श्यात कोरडा पास्ता टाकायचा. इटलीतल्या शिकलेल्या हाताला हे खटकेल. तिथे पास्ता वेगळ्या मोठ्या पातेल्यात, भरपूर खारट पाण्यात शिजतो. पण या माणसाचं बळ नेमकं इथे आहे. शिजताना पास्ता पाण्यात पिठूळपणा सोडतो. एरवी त्यातला बहुतेक मोरीत जातो. इथे तो पॅनमध्येच राहतो, मांसाची चरबी आणि पाणी यांना एकमेकांपासून फुटू देत नाही, आणि क्रीमचा थेंब पडण्याआधीच रस्सा दाटू लागतो.

क्रीम येतं सगळ्यात शेवटी, आणि मला तो या सगळ्यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. तोपर्यंत पॅनमध्ये सगळे आपापला स्वर लावून बसलेले असतात: टोमॅटो आंबट, ब्रॉथ खारट, पाप्रिका तिखटसर, मांस जड. आच कमी करून अर्धी वाटी क्रीम सोडलं की एकाचाही स्वर दाबला जात नाही, पण धार जाते. ते घट्टच हवं. अमेरिकेत ‘हेवी क्रीम’ म्हणायला त्यात निदान 36 टक्के स्निग्धांश असावा लागतो. एवढा स्निग्धांश असला की दुधातल्या प्रथिनांचं प्रमाण कमी असतं, आणि टोमॅटोच्या आंबटपणातही ते नासत नाही. काटकसर म्हणून बिनसायीचं दूध ओतलं आणि वर उकळी काढली तर तो फुटतो, कण कण होतो, आणि मग कितीही ढवळा, समजूत निघत नाही. चीजच्या बाबतीतही त्याच्या आवडीनिवडी आहेत. पाकिटातल्या किसलेल्या चीजला गोळा होऊ नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, त्यामुळे रस्सा किंचित रवाळ होतो. वडी आणून घरी किसली की तो खूश. गॅस बंद करून मूठमूठ घालायचं.

आणि त्याला ताटकळत ठेवायचं नाही. पास्ता पॅनमध्ये बसल्या बसल्या रस पीत राहतो. दहा मिनिटं कुणाची वाट पाहिली की रस्सा नाहीसा आणि शेल फुगून मऊ. म्हणून पास्त्यात किंचित कणी असतानाच हाक मारायची. एरवी तीन हाकांना न येणारी मुलं या एका हाकेला जिन्यावरून धाडधाड उतरायची. पॅन थेट टेबलावर, खाली लाकडी पाट, बाजूला हिरव्या वाटाण्याचं भांडं. कोण कुठे बसतं ते ठरलेलं. वडील मुलीला विचारायचे, ‘आज शाळेत सगळ्यात अवघड काय होतं?’ आणि ती चमचा तोंडात असतानाच सांगायला लागायची.

तिथल्या मराठी घरांतही त्याचा शिरकाव झालाय, पण कपडे बदलून. बहुतेकांकडे बीफ येत नाही. टर्कीचा किंवा चिकनचा खिमा येतो, काहींकडे नुसते मश्रूम बारीक चिरून. मुलं शाळासोबत्यांच्या घरी जेवून येतात आणि आईपुढे उभी राहतात, ‘आई, त्यांच्याकडे असतो तसला पास्ता कर ना.’ पहिल्यांदा केला की आई आलं घालते, दुसऱ्यांदा हिरवी मिरची, आणि वर्षभरात धणे-जिरे पूड शिरते. टर्कीच्या खिम्यात चरबी कमी, म्हणून थोडं लोणी जास्त लागतं. तोही याला हरकत घेत नाही. एवढंच की खरवड धरू द्या आणि क्रीम शेवटी घाला, या दोन अटी तो मश्रूमवाल्या घरातही सोडत नाही.

शेजारणीचा थोरला मुलगा पुढे अथेन्सला, म्हणजे ओहायोतल्याच अथेन्सला, विद्यापीठात शिकायला गेला. दुसऱ्या वर्षी चार मित्रांबरोबर भाड्याच्या घरात राहू लागला. एका संध्याकाळी मी तिच्याकडे बसले असताना त्याचा फोन आला. मागे भांड्यांचा आवाज, कुणीतरी मोठ्यानं हसत होतं.

‘मॉम, खिमा टाकलाय. पाणी सुटलंय खूप.’

‘सुटू दे. हलवू नकोस.’

‘किती वेळ?’

‘वेळ नाही सांगत. आवाज ऐक. फोन पॅनजवळ धर.’ तिनं खरोखरच डोळे मिटून ऐकलं. ‘अजून नाही. थांब. अजून नाही... हं, आता उलट. आणि किती जण आहात जेवायला?’

‘पाच. कदाचित सहा.’

‘मग पास्ता अख्खं खोकं टाक, ब्रॉथ दीड वाटी वाढव. आणि क्रीम ओतायच्या आधी मला परत फोन कर.’