स्पीडोमीटर शून्यावर

आमच्या अण्णांचे वय 76. एस.टी.च्या कार्यशाळेतून यांत्रिक म्हणून निवृत्त झाले, पण सायकल काही सुटली नाही. पहाटे सांगलीहून हरिपूरला जायचे, संगमेश्वराचे दर्शन घ्यायचे आणि ऊन चढण्यापूर्वी परतायचे, हा त्यांचा नेम. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवावा लागला. काही महिन्यांनी हृदयरोगतज्ज्ञांनी सावकाश सायकल चालवण्यास परवानगी दिली. पण ‘सावकाश’ म्हणजे नेमके किती, हा प्रश्न माझ्यातल्या डॉक्टरला आणि मुलाला सारखाच छळू लागला. अखेर मी त्यांच्या सायकलीला बिनतारी स्पीडोमीटर बसवला आणि बजावले, “अण्णा, ताशी बाराच्या पुढे जायचं नाही.”

रोज रात्री दवाखान्यातून परतल्यावर मी त्यावरचा सरासरी वेग वहीत टिपून ठेवत असे. बारा, पुढे अकरा, मग दहा, नऊ. अण्णा ऐकत आहेत, याचे मला समाधान वाटे. एके दिवशी आकडा शून्य आला. दुसऱ्या दिवशीही शून्य. “बिघडलं असेल,” एवढेच बोलून अण्णांनी वर्तमानपत्र उघडले.

रविवारी मी सायकल अंगणात उभी केली. या उपकरणाची रचना साधी असते. पुढच्या चाकाच्या एका स्पोकवर लहानसे लोहचुंबक आणि चिमट्यावर सेन्सर. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात लोहचुंबक सेन्सरसमोरून जाते आणि तो संकेत हँडलवरच्या पडद्याकडे बिनतारी पोहोचतो. चाकाचा परीघ दोन मीटर असेल आणि सेकंदाला दोन फेरे होत असतील, तर वेग ताशी 14.4 किलोमीटर. सारा हिशेब एवढाच.

रुग्ण तपासावा तसा मी क्रमाने निघालो. पडद्यावरचे घड्याळ चालू होते, म्हणजे त्याचा सेल शाबूत होता. पुष्कळांची फसगत येथेच होते. सेन्सरचा सेल वेगळा असतो आणि तो संपला तरी घड्याळ चालूच राहते. तो सेल मी बदलला. (जुना चपटा सेल ताबडतोब मुलांच्या हाताबाहेर ठेवला. असा सेल गिळून अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी जखम होते. नातवंडाने तो गिळल्याची नुसती शंका आली तरी ओकारी काढण्यात वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.) तरीही शून्यच. परिघाची नोंद चुकली असती तर आकडा चुकीचा आला असता, शून्य नव्हे. मग फ्रिजवरचे एक लोहचुंबक आणून ते सेन्सरसमोरून चार-सहा वेळा झपझप फिरवले आणि पडद्यावर आकडा उमटला! म्हणजे सेन्सर ठीक, संकेत ठीक, पडदाही ठीक. उरले ते स्पोकवरचे लोहचुंबक. ते आपल्या जागेपासून चार बोटे वर होते. सेन्सरसमोरून जातच नव्हते. ते खाली आणून दोहोंत तीनेक मिलिमीटरचे अंतर ठेवले, चाक फिरवले आणि निदान पूर्ण झाले.

निदान झाले, असे मला वाटले. हत्यारे आवरताना लक्ष स्क्रूकडे गेले. धक्क्यांनी सरकलेल्या लोहचुंबकाचा स्क्रू ढिला असायला हवा होता. हा मात्र मला पान्याने जोर लावून सोडवावा लागला होता. अण्णांनी उभ्या आयुष्यात ढिला स्क्रू सोडला नाही. तो येथेही सोडला नव्हता.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. “अण्णा, लोहचुंबक तुम्ही सरकवलंत?”

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “तू वहीत लिहितोस ना रोज. आकडा उतरत चालला होता. अजून उतरला असता, तर तू सायकलच काढून घेतली असतीस.”

सपाट रस्त्यावरही दोन महिन्यांपासून त्यांना धाप लागत होती. वाटेत दोनदा उतरून बसावे लागे. उजेडात त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतला भाग पांढुरका पडला होता. रोज रात्री मी त्यांचा आकडा पाहत होतो, पापणी मात्र एकदाही पाहिली नव्हती. शौचास काळपट, डांबरासारखे होत असल्याचे विचारल्यावर कळले. गुडघ्यासाठी औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही उशीखाली निघाल्या. स्टेंटनंतर रक्त गोठू नये म्हणून घ्याव्या लागणाऱ्या गोळ्यांच्या जोडीला अशी वेदनाशामके आली, की जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. त्याच दिवशी त्यांना रुग्णालयात नेले. हिमोग्लोबिन 7.9 निघाले आणि दुर्बिणीच्या तपासणीत जठरात व्रण दिसला. उपचार वेळेत सुरू झाले. स्टेंटच्या गोळ्यांचे काय करायचे, ते हृदयरोगतज्ज्ञांनी ठरवले. त्या कोणीही स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, हे येथे आवर्जून सांगतो.

वाचकहो, मी एम.बी.बी.एस. होऊन तीस वर्षे झाली. रुग्ण लक्षणे का लपवतात, याची कारणे मी इतरांना अनेकदा समजावून सांगितली आहेत. खर्च, भीती, संकोच. आपल्याच घरात एक वेगळे कारण आहे, हे मला दिसले नव्हते. सांगितले तर आपल्या हातातले काहीतरी काढून घेतले जाईल, हे ज्येष्ठांना अनुभवाने ठाऊक असते. पडल्याचे सांगितले की बाहेर जाणे बंद, विसरल्याचे सांगितले की पैशांचे व्यवहार बंद. म्हणून घरातील ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांना माझी विनंती आहे : पहिली तक्रार ऐकताच पहिली बंदी घालू नका. आधी कारण शोधा. आणि ज्येष्ठांनो, धाप, काळी शौच, चक्कर या गोष्टी लपवू नका. आमच्या अण्णांच्या बाबतीत कारण सापडल्यामुळेच सायकल पुन्हा सुरू होऊ शकली.

तीन महिन्यांनी, तज्ज्ञांना विचारून, ते पुन्हा हरिपूरला जाऊ लागले. स्पीडोमीटर जागेवर आहे. वही मात्र मी बंद केली. आता रात्री मी “आज कसं वाटलं?” एवढेच विचारतो. परवा म्हणाले, “एकदाच उतरलो. पण ते चहासाठी.”